आवाजाच्या आधी

श्रीगोंद्याच्या मैदानावर फक्कीच्या रेषा मारून झाल्या होत्या आणि माईकवाल्या गुरुजींना सूर सापडला होता.

"तालुक्याची शान! आपल्या मातीतली आंतरराष्ट्रीय धावपटू! सध्या जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात अधिकारी असलेल्या आदरणीय अश्विनीताई ससाणे आज शालेय स्पर्धांसाठी खास उपस्थित आहेत. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. अश्विनीनं उठून हात जोडले आणि खाली बसताना घड्याळाचा पट्टा उगाचच एक भोक घट्ट केला. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द आला की तिचा हात पट्ट्याकडे जायचाच. तो शब्द तिच्या नावाला लग्नानंतरच्या आडनावासारखा चिकटला होता. गावाच्या फलकावर तो होता. भाऊ सम्राट याच्या पिकअपच्या मागच्या काचेवरही होता, आणि तिथं त्याला सोनेरी किनार होती.

शब्द खोटा नव्हता. देशाचा गणवेश घालून ती तीनदा बाहेर गेली होती. दोनदा पळाली, एकदा सहावी आली, एकदा चौथी. तिसरी स्पर्धा सगळ्यात मोठी, साऱ्या आशिया खंडाची, आणि तिथं ती पळालीच नाही. म्हणजे ब्लॉकमधून सुटली, पण बंदुकीच्या आधी. लाल कार्ड, बाद, संपलं. टीव्हीवर ते सगळं दिसायला एक जाहिरात लागते तेवढासुद्धा वेळ गेला नाही.

गावाला हे माहीत होतं. पण गावाला ते तिच्या वडिलांच्या तोंडून माहीत होतं, आणि वडिलांची गोष्ट वेगळी होती.

"मशीननं घात केला माझ्या लेकीचा," रंभाजी ससाणे सांगायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत, त्यांची नातसुद्धा. "पोरगी बंदुकीवरच सुटली हुती. मी सोता बघितलं टीव्हीवर. पन मशीन म्हनलं, आदी सुटली. आता मशीनीशी भांडतो कोन?"

दर वर्षी त्या मशीनचा गुन्हा वाढत गेला होता. आधी ते नुसतं बिघडलेलं होतं. मग त्यात पावसाचं पाणी गेलं. गेल्या वर्षीपासून कुणीतरी मुद्दाम त्याची वायर ओढलेली होती.

मशीनमध्ये पाणी गेलं नव्हतं. पळणाऱ्याच्या पायाखालच्या ब्लॉकला एक सेन्सर असतो. पायानं दाब कधी दिला ते तो टिपतो. बंदुकीचा आवाज कानात शिरायचा, कानातून मेंदूत जायचा, मेंदूनं पायाला सांगायचं आणि पायाच्या स्नायूनं ते ऐकायचं, या सगळ्याला वेळ लागतो. कितीही चपळ माणूस असो, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत हे होत नाही असं नियम मानतो. त्याआधी पाय हलला, तर त्या पायानं आवाज ऐकलेला नाही. त्यानं अंदाज बांधला. त्या दिवशी पंचांनी पडदा वळवून तिला आलेख दाखवला होता. एक रेघ बंदुकीची, एक तिच्या पायाची. तिच्या पायाची रेघ आधी उठली होती. थोडीशी नव्हे, कुणालाही दिसेल इतकी आधी.

तिनं मान हलवली होती. मग खोलीवर जाऊन घरी फोन लावला आणि तिला रडू फुटलं.

"आगं, झालं काय? मशीन बिगाडलं हुतं का?" आप्पांनी विचारलं.

"हां," ती म्हणाली.

रडताना निघालेला एक शब्द. त्याच्यावर आप्पांनी पुढं एवढी इमारत बांधली, आणि ती प्रत्येक मजला बघत खाली उभी राहिली.

*

तिचा स्टार्ट सगळ्या महाराष्ट्रात नावाजलेला होता. जिल्ह्याला, राज्याला, पुढं राष्ट्रीय शिबिरातही प्रशिक्षक इतर मुलींना सांगायचे, अश्विनीकडे बघा, बंदूक वाजते आणि ती हवेत असते. ते खरंच होतं. फक्त ती बंदूक ऐकत नव्हती.

आप्पा कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचे. हंगाम संपला की रिकामी ट्रॉली घराशेजारी, पाटाच्या चारीच्या कडेला उभी राहायची. चारीचा रस्ता सरळ होता, लांब बाभळीपर्यंत. पोरगी शाळेत पहिली येते म्हटल्यावर आप्पांनी तो रस्ता मापून घेतला आणि रोज सकाळी तिला पळवायला लागले. शिट्टी नव्हती. "जागेवर... तयार..." असं म्हणून ते ट्रॉलीच्या पत्र्यावर मूठ मारायचे. उसाची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली. मूठ उचलायच्या आधी ते श्वास ओढायचे आणि तो श्वास ऐकू यायचा. शिट्टीसारखा बारीक, लांब. श्वास संपला की पत्रा वाजायचा. कधीही चुकायचं नाही.

आठवडाभरात अश्विनीला कळलं की पत्र्याची वाट बघायची गरज नाही. श्वास संपताना सुटलं की पाय आणि पत्रा एकदम वाजतात.

पुढं तिनं बघितलं, प्रत्येक स्टार्टरचा, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या पंचाचा, असा एक श्वास असतो. कुणी टाचा उचलतो, कुणी खांदा चढवतो, कुणी आवंढा गिळतो. 'सेट' म्हटल्यापासून त्या खुणेपर्यंत आणि खुणेपासून बंदुकीपर्यंत एक ताल असतो, आणि माणूस सवयीचा गुलाम. ती ताल पकडायची. ही चोरी आहे असं तिला कधी वाटलं नाही. ही हुशारी आहे असं वाटायचं. तिसऱ्या स्पर्धेतला स्टार्टर एक उंच, शांत माणूस होता. त्यानं 'सेट' म्हटलं, खांदा उचलला, आणि थांबला. बस्स, थांबला.

त्यानंतर शिबिरातल्या प्रशिक्षकांनी शंका येऊन स्टार्ट एका पेटीतून द्यायला सुरुवात केली. पेटीला श्वास नव्हता, खांदा नव्हता. भोंगा कधीही वाजायचा. अश्विनी आवाज ऐकून सुटायला लागली तेव्हा सगळ्यांना दिसलं की ती चार मुलींसारखी एक मुलगी आहे. दोन हंगामांत ती पाचवी, सहावी येऊ लागली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे निवृत्ती, असं पेपरात छापून आलं. गुडघा ठणठणीत होता. अजूनही होता.

एवढं सगळं माहीत असूनही गेल्या दिवाळीत तिनं काय करावं? सम्राटची मुलगी संघमित्रा, घरात सगळ्यांची मित्रा, पणत्या लावून झाल्यावर तिच्याजवळ येऊन बसली. आठवीतली पोर, आत्यासारखेच लांब पाय.

"आत्या, तुझा स्टार्ट शिकव ना. आप्पा म्हणतात, तो जगात कुणाला येत नाही."

आणि अश्विनीच्या तोंडून निघून गेलं, "आवाजाची वाट बघायची नाही. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकायचा."

किती वर्षांत कुणी तिच्याकडे त्या नजरेनं बघितलं नव्हतं. म्हणून सांगितलं. दुसरं कारण नव्हतं.

*

मुलींच्या प्राथमिक फेऱ्या सुरू झाल्या. स्टार्ट द्यायला ज्ञानेश्वर सर होते, शेजारच्या शाळेचे क्रीडाशिक्षक. हातात क्लॅपर, म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन लाकडी फळ्या. "ऑन युवर मार्क... सेट..." सर टाचा उचलायचे आणि फळ्या आपटायचे. टाचा, फळ्या. टाचा, फळ्या. अश्विनीला तो ताल पहिल्याच फेरीत पाठ झाला. नको असताना झाला.

दुसऱ्या फेरीत मित्रा होती. सरांनी टाचा उचलल्या, फळ्या वाजल्या, आणि मित्रा त्याच क्षणी हवेत होती. आवाजानंतर नव्हे, आवाजाबरोबर. बाकीच्या मुली उठेपर्यंत तिची दोन पावलं पडून गेली होती. ती आरामात पहिली आली.

"डिट्टो आत्या!" कुणीतरी ओरडलं.

शेवटच्या रेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर आप्पा बसले होते. त्यांनी मोबाईल उंच धरून शर्यत टिपली होती आणि आता शेजारच्यांना दाखवत होते. "बघा, बघा, हितं बघा. फळी वाजली आन पोरगी गेली. रक्तात असावं लागतं त्ये."

तिसऱ्या फेरीत पंकजा नावाची एक मुलगी पळाली. पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे, ती इथल्या वसतिगृहात. तिचा स्टार्ट अगदी साधा होता. फळ्या वाजल्यावर डोळ्याची पापणी लवावी एवढा वेळ ती तशीच होती, मग उठली. पण उठल्यावर तिनं एकेका मुलीला असं मागं टाकलं की माईकवाल्या गुरुजींनाही शब्द सापडेना. शेवटी ते म्हणाले, "झोपली होती, पण जागी झाली म्हणायची!" मैदान हसलं. पंकजाही हसली आणि आजी झुंबरबाईच्या पदराला घाम पुसायला गेली.

अश्विनीनं मनात दोन्ही शर्यती शेजारी ठेवून बघितल्या. स्टार्ट सारखा असता तर पंकजा पुढं होती. फार नाही, हातभर. जिल्ह्याला यंदा फक्त पहिली मुलगी जाणार होती.

जेवणानंतर ज्ञानेश्वर सर क्लॅपर घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. "मॅडम, मुलींची फायनल तुमच्या हातानं. पोरींना आयुष्यभर आठवण राहील."

"सर, माझी भाची आहे त्यात. बरं दिसत नाही."

"अहो, म्हणून तर! तुमच्यावर कोण शंका घेणार? आणि ताप येऊ नये म्हणून देवीचा अंगारा लावतात, तसा तुमचा हात लागू द्या आमच्या क्लॅपरला."

ती हसली. क्लॅपर हातात घेतला. लाकूड सरांच्या घामानं गुळगुळीत झालं होतं.

वीस पावलांवर मित्रा काटकीनं मातीत पायाच्या बोटांसाठी खड्डा करत होती. तिनं वर बघितलं, आत्याच्या हातात क्लॅपर बघितला आणि तिचा चेहरा उजळला. हा श्वास तिच्या ओळखीचा होता. रविवारी आत्या नगरहून आली की तीच ट्रॉलीचा पत्रा वाजवायची.

जाऊन तिला बाजूला घ्यायचं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मित्रा, मी शिकवलं ते चूक आहे. आवाज ऐकूनच सूट. पण मग मित्रानं विचारलं असतं, का? कसं काय? मग तुझं त्या वेळचं? आणि तिकडं खुर्चीवर आप्पा होते, मोबाईल साफ करत.

अश्विनी गेली नाही. ती स्टार्टच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

"ऑन युवर मार्क."

आठ मुली वाकल्या. मैदान गप्प झालं. लांब कुठंतरी आइस्क्रीमवाल्याची घंटी वाजत होती, तीही थांबली.

"सेट."

तिनं श्वास घेतला. तो आप्पांचाच होता, बारीक, लांब. आपल्याला कुणाचा श्वास मिळालाय हे तिला त्या क्षणी ऐकू आलं. श्वास भरला. फळ्या वाजवायची वेळ झाली.

तिनं वाजवल्या नाहीत.

मित्रा सुटली. एकटीच. दोन, तीन, चार पावलं, आणि मागं काहीच वाजलं नाही हे कळून ती थांबली, तशीच, पाठ करून. बाकीच्या सात जणी जागेवर होत्या. पंकजा तर हललीही नव्हती. कान टवकारलेल्या जनावरासारखी ती अजून आवाजाची वाट बघत होती.

अश्विनीनं लाल झेंडी उचलली.

ज्ञानेश्वर सर जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, शाळेच्या पातळीवर पहिल्या वेळी समज देऊन सोडतो आपण."

"नियम एकच आहे, सर," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला फार स्वच्छ वाटला. नको इतका स्वच्छ.

"ए आश्वे!" शेवटच्या रेषेवरून आप्पा उठले होते. खुर्ची मागं कलंडली. "तू वाजीवलंच न्हाई की! तू थांबली! पोरीची काय चूक? तू थांबली म्हनून ती गेली!"

सगळं मैदान ऐकत होतं. आप्पा अगदी बरोबर बोलत होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

शर्यत सात जणींची झाली. या वेळी अश्विनीनं फळ्या कशा वाजवल्या ते तिला आठवलं नाही. पंकजा पहिली आली. झुंबरबाई पदर खोचून मैदानात धावत आली आणि नातीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

*

मित्रा पाण्याच्या टँकरच्या मागं होती. रडत नव्हती. नळाखाली पाय धुत होती, धुवून झालेले पाय परत धुत होती.

"मित्रा."

"तू मुद्दाम थांबलीस ना?"

अश्विनीनं खोटं बोलायचा विचार केला. विचार आला, हे तिला कळलं. त्याचीच आधी लाज वाटली.

"हो."

"मला बाद करायला?"

"तू आवाज ऐकून पळत नाहीस. ते बरोबर नाही, मित्रा. पुढं मशीन असतं. तिथं हे चालत नाही."

"तूच शिकवलंस."

"माझं चुकलं ते."

"मग सकाळी सांगायचं ना! फायनलच्या आधी सांगायचं! मी तिथंच होते की, तुझ्यासमोर. खड्डा करत होते." आता तिचा आवाज फुटला. "सगळ्यांसमोर कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते उच्चारण्यासारखं नव्हतं. एका पोरीला कानात सांगण्यापेक्षा हजार माणसांसमोर झेंडी दाखवणं तिला सोपं गेलं होतं. झेंडीला कुणी प्रश्न विचारत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट तिला आता दिसत होती. खरा स्टार्टर कुणा एकीसाठी थांबत नाही. त्या उंच, शांत माणसाला अश्विनी ससाणे कोण हेही माहीत नव्हतं. ती मात्र मित्राचा कान ओळखून थांबली होती. नियमाचं नाव पुढं करून तिनं नेम धरला होता.

मित्रानं नळ बंद केला. काहीतरी जुळवत असल्यासारखी ती आत्याकडे बघत राहिली.

"म्हणजे तुझं पण असंच झालं होतं? तिकडं?"

"हो."

"मशीन बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"आप्पा मला रोज सकाळी सांगतात," मित्रा हळू म्हणाली, "आत्यावर अन्याय झालाय, तू तो भरून काढायचा. म्हणून पळते मी. म्हणून उठते पाच वाजता." तिनं बूट हातात घेतले. "तू सांग त्यांना. मी नाही सांगणार."

"सांगते."

"कधी?"

"सांगते म्हटलं ना."

 मित्रानं ज्या नजरेनं बघितलं ती नजर अश्विनीला चांगलीच माहीत होती. पंचांनी पडदा वळवला होता, तेव्हा त्यांची अशीच होती. त्यात राग नव्हता.

*

आप्पा दोन दिवस फोनवर आले नाहीत. शनिवारी सकाळी अश्विनी घरी पोचली तर ते काष्टीच्या बाजाराला गेलेले. आई चांगुणाबाईनं पाणी दिलं. मित्रा दारात उभी होती.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. तिला भरवसा नव्हता, आणि तो नसणं रास्तच होतं.

बाजार भरात होता. शेळ्या-बोकडांच्या दावणी, बैलांच्या शिंगांना लावलेला रंग, टेम्पोतून उतरणारं बें बें करणारं कोकरू. हनुमंतच्या चहाच्या टपरीसमोर दोन बाकडी होती आणि त्यावर आप्पांची नेहमीची मंडळी. अश्विनी पाठीमागून आली, म्हणून आप्पांना ती दिसली नाही. त्यांचा आवाज मात्र लांबूनच ऐकू येत होता. रागाचा नव्हता तो. चढलेला होता, रंगात आलेला.

"पहिल्यांदी मला बी राग आला, काकासाहेब. म्हनलं, घरच्या पोरीला बाद करती? पन रात्रभर इचार केला. आन मंग उजेड पडला. आरं, सख्ख्या भाचीला जिनं सोडलं न्हाई, ती सोता लबाडी करंल व्हय?"

"न्हाई करनार," काकासाहेब म्हणाले. ते शेळ्यांचे दलाल होते. मान डोलावणं हा त्यांचा धंदाच होता.

"मंग! आता सांगा. असल्या इमानदार पोरीला तिकडं चोर ठरीवलं! म्हनजी खोटं कोन? मशीनच ना? आता तर पुरावाच झाला!"

"पुरावाच झाला," हनुमंत कपात चहा ओतत म्हणाला. "आप्पा, ही गोष्ट पेपरात द्या."

"देनार हाय. सम्राटला सांगितलंय, लिव म्हनून."

 अश्विनीनं आयुष्यात केलेली एकमेव कडक गोष्ट आप्पांनी उचलली होती आणि त्याच जुन्या इमारतीवर चढवली होती, वरचा मजला म्हणून. शेजारी मित्रा उभी होती. तिनं आत्याला कोपरानं ढोसलं नाही, काही नाही. ती फक्त थांबली होती. कशाचीही घाई न करता आवाजाची वाट बघत होती.

"आरं, आली की पोरगी!" काकासाहेबांचं लक्ष गेलं. "या, या म्याडम! शंभर वर्षं आविष्य हाय तुमाला. हनुमंता, पेशल टाक."

आप्पांनी वळून बघितलं. दोन दिवसांचा अबोला त्यांच्या चेहऱ्यावरून एका क्षणात निघून गेला. "ये, बस. मी हेच सांगत हुतो."

"आप्पा, घरी चला. बोलायचंय."

"बोल की हितं! हितं कोन परका हाय?"

खरंच कुणी परकं नव्हतं. ही गोष्ट याच बाकड्यावर वाढली होती.

"आप्पा, मशीन बरोबर होतं."

"कोनतं?"

"तिकडचं. ते बिघडलेलं नव्हतं. मी बंदुकीच्या आधीच सुटले होते. मला त्यांनी आलेख दाखवला, मी बघितला. तुम्ही फोनवर विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

हनुमंतचा हात चहाच्या धारेवर थांबला. काकासाहेबांची मान डोलायची राहिली.

आप्पा हसले. "आगं, काय बोलती... मी बघितलंय टीव्हीवर."

"मी कधीच आवाज ऐकून सुटले नाही, आप्पा. तुम्ही पत्रा वाजवायच्या आधी श्वास घ्यायचा. मी त्या श्वासावर सुटायचे. पुढं सगळीकडे तेच केलं. ते पकडलं गेलं, एवढंच."

बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी तिची कुठंतरी कल्पना होती. तसं काही झालं नाही. आप्पांचा हात छातीवर गेला होता. दुखत होतं म्हणून नव्हे; तिथं असं काय आहे ते चाचपावं तसा.

"मंजी माझ्यामुळं," ते म्हणाले.

"नाही, आप्पा. तुमच्यामुळं नाही..."

"मी गावभर सांगत फिरलो." ते तिच्याशी बोलतच नव्हते. बाकड्यावरच्या एकेका माणसाकडे बघत होते, जणू प्रत्येकाला किती वेळा सांगितलं ते आठवत होते. "हनुमंता, तुला बी सांगितलं. लई वेळा सांगितलं."

"असूं द्या की, आप्पा," हनुमंत म्हणाला. "चा घ्या."

आप्पांनी चहा घेतला नाही. टोपी घातली, उठले आणि चालायला लागले. अश्विनी आणि मित्रा मागोमाग निघाल्या. बाजारातल्या वाटेवर दर दहा पावलांवर त्यांच्या ओळखीचं कुणीतरी होतं. "आप्पा, या की!" "आप्पा, पोरीनं कमाल केली म्हनं!" "आप्पा, मशीनीची गोष्ट सांगा आमच्या पाव्हण्यांना!" आप्पा हात वर करायचे आणि न थांबता पुढं जायचे. शेवटी त्यांनी मधली वाट सोडली आणि बैलबाजाराच्या मागून, शेण आणि कडब्यातून, जिथं त्यांना कुणी ओळखणार नाही अशा बाजूनं चालायला सुरुवात केली. गर्दीत ताठ चालणारा हा माणूस आडवाटेनं खाली मान घालून जाताना अश्विनीनं पहिल्यांदा बघितला. जी गोष्ट तिनं इतकी वर्षं एकटीनं अंगावर वागवली होती ती आता दोघांची झाली होती, आणि अर्धी मात्र झाली नव्हती.

बाजार संपला तिथं बाभळीखाली आप्पा दम खायला थांबले. श्वास ओढला, तोच, बारीक, लांब. तो ऐकू आला तसे ते तोंड मिटून नाकानं हळूहळू श्वास घ्यायला लागले, कुणाला ऐकू जाऊ नये असा. अश्विनीला ते बघवेना. तिनं तोंड फिरवलं.

आप्पांनी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"तेव्हाच."

"तवाच." त्यांनी मान हलवली. "आन पोरीला बी त्येच शिकीवलं."

"हो."

तिघंही उभी होती. रस्त्यावरून उसाच्या बेण्याची ट्रॉली खडखडत गेली आणि तिचा पत्रा वाजला, तेव्हा तिघांनीही तिकडं बघायचं टाळलं.

"बरं," आप्पा शेवटी म्हणाले. आवाज कोरडा होता. "आता हिला आवाज ऐकून पळायला शिकवायचं. त्ये कसं शिकीवत्यात?"

अश्विनीनं उत्तर शोधलं. तिच्याकडे प्रमाणपत्रं होती, प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम होते, कार्यालयात क्लॅपरनी भरलेलं कपाट होतं. आवाज येईपर्यंत तसंच थांबायचं, आतून रिकामं, कसलाही अंदाज न बांधता, हे तिला एका तरी शर्यतीत जमलं होतं का?

"मला येत नाही, आप्पा," ती म्हणाली. "मी कधी शिकलेच नाही."

मित्रा चपलेच्या टोकानं मातीत खड्डा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पंकजाला येतं."